परत पाठवलेला माणूस

पाळकसाहेबांना तीन वर्षांची शिक्षा झाली तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येकाला वाटलं, की आता त्यांच्यापाठोपाठ कोणीतरी जायला हवं. ते कोणीतरी म्हणजे नेमकं कोण, एवढं मात्र कुणालाच सुचत नव्हतं.

त्यांचा गुन्हा सगळ्या गावाला ठाऊक होता. रंगाच्या कारखान्यात संप झाला, दगडफेक झाली, आणि पोलीस ज्यांच्या मागावर होते त्या कामगारांना पाळकसाहेबांनी बायकापोरांसकट चर्चच्या मागच्या खोलीत अकरा दिवस ठेवून घेतलं. पुढे ती माणसं पांगली आणि पाळकसाहेब तेवढे हाती लागले. न्यायाधीशांनी नावं विचारली. दोनदा विचारली. दोन्ही वेळा ते म्हणाले, "ती नावं माझ्याकडे ठेवायला दिली आहेत साहेब, वाटायला नाहीत."

तुरुंग होता दोन दिवसांच्या बसप्रवासावर. पाळकसाहेबांचं वय अडुसष्ट, त्यात दमा. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तुरुंगात जेवण मिळे, पण औषधं, गरम कपडे, धुतलेले कपडे हे सगळं ज्याच्या त्याच्या घरच्यांनी दर मंगळवारी खिडकीवर आणून द्यायचं, असा तिथला नियम. त्याच दिवशी पंधरा मिनिटं भेट. घरचं कुणी नसेल तर कैद्याने अंगावरच्या कपड्यांत दिवस काढायचे.

रविवारी उपासनेनंतर बैठक बसली. शाळेतल्या बाईंच्या परीक्षा तोंडावर आलेल्या. दूधवाल्याची गाय आज व्यायची की उद्या अशी. मंडळीचे चिटणीस स्वतः निघालेच असते, पण त्यांची कंबर. बोलून बोलून सगळे गप्प झाले आणि एकेकाची नजर फिरत फिरत शेवटच्या बाकावर घडीकाकांपाशी येऊन थांबली.

त्यांचं खरं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत होतं, पण ते कुणी उच्चारल्याचं आठवत नव्हतं. ते इस्त्रीवाले. हाताला लागेल त्याची घडी घालायची त्यांना सवय. बसचं तिकीट असो की वाचून झालेली पत्रिका, चार कोपरे जुळवून अंगठ्याच्या नखाने रेघ मारल्याशिवाय हातातून सुटायची नाही. वय बावन्न. लग्न राहून गेलेलं. दोन खोल्यांच्या घरात पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि मागच्या खोलीत विधवा थोरली बहीण. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडे.

"मी जाईन," ते म्हणाले. म्हणाल्यावर त्यांनाच वाटलं, की हे शेजारचं कुणीतरी बोललं.

"देवाची योजना," चिटणीस म्हणाले, आणि इतक्या झटपट प्रार्थनेला उभे राहिले, की कंबरेची आठवण त्यांना आमेननंतर झाली.

घरी ताई फणकारली. "तुला स्वतःचा डबा धड भरता येत नाही. तू दुसऱ्याचं काय बघणार?"

"तुला एकटीला सोडून जायचं म्हणजे..."

"मी काय लहान आहे? शेजारीण आहे, बाई आहेत. जा तू." तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तरी दुपारभर बसून तिने चाचपत चाचपत त्यांची पिशवी भरली. दोनदा भरली आणि दोनदा उपसली. मंडळीने दिलेली गोधडी, लोकरीचे मोजे, दम्याची औषधं आणि पाळकसाहेबांचा स्वेटर असं एक वेगळं बोचकं झालं. स्वतःच्या पोटापाण्याचं तिथेच काहीतरी बघू, असं घडीकाकांनी आधीच सांगून टाकलं होतं.

त्या शहरात त्यांना एका मोठ्या लाँड्रीत काम मिळालं, आणि लाँड्रीच्या मागे साबणाच्या गोण्यांशेजारी झोपायला जागा. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे अंगरखे, दिवसाला शेकड्यांनी. आत वाफेने कपाळावरून धार लागायची आणि कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात पाऊल टाकलं की गार वारा कानशिलं कापायचा. दिवसातून वीस वेळा आत, वीस वेळा बाहेर. मालकीण रुंद चणीची, करड्या आवाजाची बाई. मंगळवारी अर्धा दिवस सुट्टी हवी, आणि कशासाठी, हे ऐकल्यापासून ती त्यांना "तुरुंगवाले" म्हणू लागली.

"अहो तुरुंगवाले, तुमच्या साहेबांनी केलं काय होतं? दरोडा?"

"नावं सांगितली नाहीत."

"कुणाची?"

"तेच तर नाही सांगितलं."

मालकीण त्यांच्याकडे बघत राहिली. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं, पण ती हसली नाही. "त्या चादरी आधी घ्या," एवढंच म्हणाली.

पहिल्या मंगळवारी खिडकीवरच्या कारकुनाने रजिस्टर उघडलं. "नातं?"

घडीकाकांच्या मागे चाळीस माणसांची रांग होती. "भाऊ," ते म्हणाले.

जाळीपलीकडे पाळकसाहेब हे ऐकून हसले आणि हसता हसता खोकले. दोन महिन्यांत ते निम्मे झाले होते. "माझ्यासाठी खोटं बोललास?"

"तुम्हीच दर रविवारी आम्हाला भाऊ म्हणता. मी फक्त मनावर घेतलं."

त्यानंतर एकही मंगळवार चुकला नाही. मळलेले कपडे घ्यायचे, लाँड्रीच्या शेवटच्या पाण्यात धुवायचे, इस्त्री करायची आणि पुढच्या मंगळवारी खिडकीवर द्यायचे. "अरे, तुरुंगात कडक घडी कशाला?" पाळकसाहेब विचारायचे.

"बघणाऱ्याला कळू दे ना, की या माणसाचं कुणी आहे."

ते कळलंही. शेजारच्या कोठड्यांतले कैदी पाळकसाहेबांकडे निरोप देऊ लागले. एकाची आई नदीपलीकडच्या वस्तीत आजारी होती, एकाच्या बायकोला तो कुठल्या तुरुंगात आहे हेच माहीत नव्हतं. पाळकसाहेब भेटीत म्हणायचे, "घडी, जमलं तर बघ हं." आणि घडीकाका काम संपवून, अंगातला ओला सदरा तसाच, शहराच्या दुसऱ्या टोकाला चालत जायचे. अनोळखी दारं ठोठावायचे. ज्या माणसाला चारचौघांत बोलता येत नसे तो परक्या उंबऱ्यावर उभा राहून सांगायचा, "तुमचा मुलगा बरा आहे. जेवतो आहे. तुमची आठवण काढतो." काही घरांत त्यांना बसायला दिलं, काही घरांत दार लावून घेतलं.

पाचव्या महिन्यात खोकला सुरू झाला. त्यांनी तो वाफेवर ढकलला. मग ताप येऊ लागला, तोही त्यांनी अंगावर काढला. मंगळवारी जाळीसमोर उभं राहण्याआधी ते रांगेत मनसोक्त खोकून घ्यायचे, म्हणजे पंधरा मिनिटं निभावून न्यायची.

"तुझा आवाज बसलाय," पाळकसाहेब म्हणाले.

"भिजलो थोडा."

"खरं सांग."

"पंधराच मिनिटं आहेत साहेब. माझ्या आवाजावर कशाला घालवायची?"

सहाव्या महिन्यातल्या एका मंगळवारी खिडकीपर्यंत तीन माणसं उरलेली असताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ते खाली कोसळले ते बोचकं पोटाशी घट्ट धरून. रांगेतल्या बायकांना ते त्यांच्या हातातून सोडवता सोडवेना.

शुद्धीवर आले तेव्हा सरकारी दवाखान्याचा वॉर्ड होता आणि खाटेशेजारी मालकीण स्टुलावर बसली होती. डॉक्टरांनी दोन्ही फुप्फुसं भरल्याचं तिला सांगितलं होतं. आणखी काय सांगितलं ते तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं.

"बोचकं?" त्यांनी विचारलं.

"मरायला टेकलात आणि बोचकं काय विचारता?"

"आज मंगळवार."

"आज शनिवार आहे," ती म्हणाली. थोडा वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली आणि मग उठली. "कुठल्या खिडकीवर द्यायचं ते सांगा. आणि कुणाच्या नावाने."

पुढचे तीन मंगळवार ती गेली. तिला भेट मिळाली नाही, पण कपडे घेतले. आल्यावर ती वॉर्डात येऊन हजेरी दिल्यासारखी सांगायची, "दिलं. घेतलं त्यांनी. मळके आणलेत, टाकलेत भिजत." घडीकाका उशीवर मान टेकवून डोळे मिटायचे. चौथ्या आठवड्यात ताप उतरला.

तेव्हाच ताईचं पत्र आलं. तिला दिसत नव्हतं म्हणून शाळेतल्या बाईंनी लिहून दिलेलं. दवाखान्यातून चिटणिसांना फोन गेला होता आणि चिटणिसांनी रविवारी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, की घडीकाकांचं काही खरं नाही. तेव्हापासून ताई दिवसभर दारात बसून होती. रस्त्याने कुणी चाललं की विचारायची, काही कळलं का. जेवायला बसायची आणि तशीच उठायची. पत्राच्या शेवटी बाईंनी स्वतःचं एक वाक्य घातलं होतं: त्या फार खंगल्या आहेत.

इतके दिवस मरणाच्या दारात पडून घडीकाकांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ते पत्र वाचल्यावर मात्र ते अंथरुणावर उठून बसले. आपण आजारी पडलो याचं काही नाही, पण ते तिला कळायला नको होतं.

बरं वाटू लागल्यावर पहिल्या मंगळवारी ते काठी टेकत तुरुंगाच्या खिडकीवर गेले. जाळीपलीकडे पाळकसाहेबांनी त्यांना नीट न्याहाळलं.

"घरी जा आता," ते म्हणाले.

"मंडळीने मला तुमच्या सेवेला पाठवलंय. आजारी पडून परत यायला नाही."

"बहिणीचं पत्र दाखव."

घडीकाका चपापले. मालकिणीने बोचक्यात चिठ्ठी घालून सगळं कळवलं असणार. त्यांनी पत्र जाळीला लावून धरलं. पाळकसाहेबांनी ते हळूहळू वाचलं.

"तुला बायबलमधला एपफ्रदीत माहीत आहे?"

"तुम्ही एकदा शास्त्रपाठात वाचलं होतं. नाव अवघड म्हणून लक्षात राहिलं. पुढचं नाही."

"पुढचं कुणाच्याच राहत नाही. प्रेषित कैदेत होता तेव्हा एका मंडळीने या माणसाला त्याच्याकडे पाठवलं, सामान घेऊन आणि सेवा करायला. तिथे तो मरणाला टेकला. आणि त्याला दुःख कशाचं, तर आपण आजारी असल्याचं घरच्यांना कळलं याचं." पाळकसाहेब श्वास घ्यायला थांबले. "त्याने काही लिहून ठेवलं नाही, कुठे उपदेश केला नाही. गेला, राबला, आजारी पडला, परत आला. एवढंच."

"परत का आला?"

"प्रेषिताने पाठवला. स्वतःला गरज असताना पाठवला. आणि बरोबर पत्र दिलं, की याला आनंदाने घरात घ्या, अशा माणसांचा मान ठेवा. ते पत्र का द्यावं लागलं असेल, याचा मी खूप विचार केलाय, घडी. लोकांनी त्याला नावं ठेवली असती, म्हणून. पाठवलेलं काम अर्धं टाकून आला म्हणून."

"तसंच नाही का ते?"

"तू माझं काम अर्धं टाकलेलं नाहीस. जेवढं तुझ्यात होतं तेवढं झालं." त्यांनी बोटं जाळीला लावली. "तू इथे मेलास तर तुझ्या बहिणीला मी काय तोंड दाखवू? माझ्यावर एवढी मेहेरबानी कर. जा."

घडीकाकांनी बहिणीच्या पत्राची पुन्हा घडी घातली, नखाने रेघ मारली. घंटा व्हायला मिनिटभर असताना त्यांनी फक्त विचारलं, "मंगळवारी कोण येईल?"

"ती बाई येईल म्हणते. कपडे जरा ओलसर देते, पण मनाने देते."

मंडळीसाठीचं पत्र तुरुंगाच्या शिक्क्यासह खिडकीवर मिळालं. तुरुंगाचा लखोटा, फोडून तपासलेला, पुन्हा चिकटवलेला. घडीकाकांनी तो उघडला नाही. आपल्या नावाचा नव्हता.

गावात उतरल्यावर ताईने त्यांच्या चेहऱ्यावरून, खांद्यांवरून, हातांवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "हाडं राहिलीत नुसती." त्या दुपारी ती पोटभर जेवली.

मंडळीचं तसं नव्हतं. चिटणीस दारात आले, तब्येतीची चौकशी केली, बसले, आणि मग म्हणाले, "बरं झालं आलात. पण आता तिकडे कोण?"

"लाँड्रीच्या मालकीणबाई आहेत."

"आपल्या मंडळीतल्या नाहीत ना त्या." चिटणिसांनी चहाचा कप खाली ठेवला. "लोक बोलतात हो घडीकाका, मी नाही. म्हणतात, आपण पाळकसाहेबांची काळजी घ्यायला माणूस पाठवला, आणि त्यांच्यावरच त्याची काळजी करायची पाळी आली."

घडीकाकांनी लखोटा त्यांच्या हातात दिला. चिटणिसांनी तो खिशात ठेवला. "रविवारी वाचू. वेळ झाला तर."

त्या रविवारी वेळ झाला नाही. छपराच्या दुरुस्तीवर बोलणं लांबलं. घडीकाका शेवटच्या बाकावर बसून होते. येता-जाता लोक मान हलवत होते, "कसं काय," म्हणत होते आणि पुढे जात होते. दूधवाला तेवढा जवळ बसला, आणि त्यानेही विचारलं, की सहा महिन्यांत तिकडची हवा मानवली नाही का.

पुढच्या शुक्रवारी तुरुंगातून चिटणिसांना निरोप आला. पाळकसाहेब मंगळवारी पहाटे दम्याच्या झटक्याने गेले होते. दोन दिवस शवागारात वाट पाहून त्यांना तुरुंगाच्याच स्मशानभूमीत पुरलं होतं. पत्ता शोधण्यात उशीर झाला, असं कारण दिलं होतं.

रविवारी चर्च भरून माणसं उभी राहिली. चिटणिसांनी बातमी सांगितली आणि मग खिशातून तो लखोटा काढला. बारा दिवस तो तिथेच होता. कोपरे मळले होते. पाळकसाहेबांचं वळण थरथरतं होतं, म्हणून चिटणीस अडखळत वाचत होते, आणि मग लक्षात आलं, की ते अक्षरामुळे अडखळत नाहीत.

पत्रात पाळकसाहेबांनी स्वतःविषयी दोनच ओळी लिहिल्या होत्या. बाकी सगळं घडीकाकांविषयी होतं. कुठल्या वस्तीत कुणाच्या आईला भेटायला ते चालत गेले, कुणाच्या बायकोला नवऱ्याचा पत्ता कुणी दिला, अंगात ताप असताना किती मंगळवार ते रांगेत उभे राहिले. 'तुम्ही सगळे मिळून जे करू शकला नाहीत, ते तुमच्या वतीने या एकाने केलं. तो येईल तेव्हा दारापर्यंत सामोरे जा. तो स्वतःहून काही सांगणार नाही, म्हणून मी लिहितो आहे.'

चिटणीस पुढे वाचू शकले नाहीत. शाळेतल्या बाई उठल्या, त्यांच्या हातातून कागद घेऊन उरलेलं त्यांनी वाचलं. उपासना संपल्यावर माणसं शेवटच्या बाकापाशी आली. कुणी हात धरला, कुणी नुसतंच उभं राहिलं. चिटणीस सगळ्यांत शेवटी आले.

"घडीकाका, मी ते पत्र..."

"असू द्या," घडीकाका म्हणाले. त्यांच्या मनात राग नव्हता, आणि समाधानही नव्हतं. त्यांच्या मनात एकच विचार घर करून बसला होता: त्या मंगळवारी मी तिथे नव्हतो.

तो विचार पुढे कित्येक दिवस त्यांच्याबरोबर जेवायला बसायचा. ताईने खोदून खोदून विचारलं तेव्हा एकदा ते म्हणाले, "मला परत पाठवलं नसतं तर मी असतो ना तिथे." ताई म्हणाली, "असतास. शेजारच्या खड्ड्यात." तिचा स्वभाव तसाच होता, पण बोलून झाल्यावर तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

महिन्याभराने टपालाने एक पार्सल आलं. दोरीखाली मालकिणीचं पत्र खोचलेलं होतं, मोठ्या मोठ्या अक्षरांत.

'मंगळवारी गेले तर खिडकीवर म्हणाले, आता कपडे नकोत. मी म्हटलं, मग मला आत सोडा. नाही म्हणाले. बुधवारी गेले, नाही म्हणाले. गुरुवारी दाराशीच बसून राहिले तेव्हा सोडलं. चार कैद्यांनी उचलून नेलं. प्रार्थना मला येत नाही, म्हणून त्यातल्या एकाला म्हटलं तू म्हण. त्याने म्हटली. त्याची आई नदीपलीकडे राहते, तुम्हाला ओळखतो म्हणाला. साहेबांच्या अंगात तुम्ही इस्त्री केलेला पांढरा सदरा होता, शेवटचा ठेवलेला, त्यांनी तो वापरला नव्हता. बाकीचे कपडे धुऊन पाठवते आहे. जमिनीत ठेवताना एकटं कुणी नव्हतं, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. तब्येतीला जपा. मंगळवारी अजून जाते, त्या पोरांचे कपडे असतात.'

घडीकाकांनी ते पत्र ताईला वाचून दाखवलं, मग एकट्याने दोनदा वाचलं. पुढे ते मंडळीतही वाचलं गेलं, आणि त्यानंतर दर महिन्याला मंडळीतून कुणी ना कुणी कपडे, औषधं घेऊन त्या शहराची बस धरू लागलं. पहिली खेप शाळेतल्या बाईंनी केली. घडीकाकांच्या फुप्फुसांनी मात्र उभारी धरली नाही. तासाभरापेक्षा जास्त वेळ टेबलाशी उभं राहवेना, म्हणून दुकान अर्धा दिवस चाले.

पार्सल त्यांनी त्या दिवशी उघडलं नव्हतं. चार दिवस ते टेबलावर तसंच होतं. पाचव्या दिवशी ताईनेच दोरी सोडली. दोन पायजमे, एक सदरा, मोजे आणि तो स्वेटर. तिने स्वेटर मांडीवर घेऊन सवयीने बोटांनी तपासला आणि कोपरापाशी थांबली.

"इथे कुणीतरी रफू केलंय. काय हे, गाठीच गाठी. बाईमाणसाचं काम नाही हे."

घडीकाकांनी जवळ घेऊन बघितलं. करड्या लोकरीवर पांढरा दोरा होता, चादरीतून उसवून काढलेला असावा. टाके वेडेवाकडे, एकावर एक चढलेले. एका मंगळवारी पाळकसाहेब स्वेटरचं हेच कोपर हाताने झाकून बसले होते, आणि पंधरा मिनिटांत त्यांना ते विचारायचं राहून गेलं होतं.

"आण इकडे, उसवून नीट करते," ताई म्हणाली. "बोटांना कळतं मला."

"राहू दे, ताई."

"अरे, टोचेल कुणी घातला तर."

"राहू दे," ते पुन्हा म्हणाले, आणि तो स्वेटर तोंडाला लावून इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हुंदके देऊन रडले. ताईने दार लोटून घेतलं. बाहेर कुणीतरी कपडे घेऊन आलं होतं, त्याला तिने आतूनच सांगितलं, "दुकान आज बंद आहे."